गढूळ नळी आणि मोडलेली सोयरीक

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी होते, तेव्हा पहिली पायरी सोल्युबिलिटी टेस्टची. बोटातले थेंबभर रक्त नळीतल्या औषधात टाकायचे आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळपणात हरवल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त आणि काही मिनिटांत उरकणारी. तिला नावे ठेवायचे कारण नाही.

नावे ठेवायची ती आपल्या वाचण्याला. रक्तात 'एस' हिमोग्लोबिन आहे, एवढेच ती नळी सांगते. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला वाहक आणि दोघांकडून आलेला रुग्ण, नळी दोघांचीही गढूळ होते. वाहक बहुधा जन्मभर धडधाकट राहतो. रुग्णाच्या वाट्याला असह्य कळा, रक्तक्षय, दवाखान्याच्या खेपा. हा फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसारखी पुढची तपासणी दाखवते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगात तर गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते. आजार असूनही रेघा स्वच्छ दिसू शकतात.

तरी 'पॉझिटिव्ह' एवढ्या एका शब्दावर मुलीची सोयरीक मोडते. मुलगी वाहक आणि मुलाचे हिमोग्लोबिन निर्दोष, तर त्यांच्या एकाही लेकराला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. म्हणजे तपासणीची चिठ्ठी दोघांची बघायला हवी. आपण मागतो ती मुलीचीच!

शहरातल्यांनी पाड्याला हसू नये. समजा, एखादी टेस्ट आजारी एकही सोडत नाही, पण शंभर निरोग्यांत दोघांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. जिथे हजारांत शंभर आजारी, तिथे खरे पॉझिटिव्ह शंभर, खोटे अठरा. जिथे हजारांत पाचच आजारी, तिथे खरे पाच आणि खोटे वीसेक. टेस्ट तीच, पण दुसऱ्या ठिकाणी तिच्या 'हो'ची किंमत पार घसरली. काही दुखत-खुपत नसताना सवलतीत 'फुल बॉडी चेकअप'चे पॅकेज घेऊन रात्रभर जागणारे गृहस्थ या दुसऱ्या हजारांतले असतात. टेस्ट किती केल्या यापेक्षा एकेका टेस्टने शंका किती हलली, हे त्यांनी विचारलेले नसते.

१ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले होते. नळ्या मोजल्या जातात. त्यासोबत दुसऱ्या तपासणीपर्यंत पोचलेली माणसेही मोजा. आणि तोवर पाड्यावरच्या चिठ्ठीवर 'पॉझिटिव्ह' लिहूच नका. 'पुढची तपासणी बाकी' असे लिहा, मराठीत, ठळक अक्षरांत.