गच्चीची किल्ली

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला परक्या घराची पारख आपोआप साधते. नव्या गावी बिऱ्हाड मांडले की पहिल्याच संध्याकाळी तो नळ सोडून पाहतो, खिडक्यांच्या कड्या लावून पाहतो, मागील दाराला अडसर आहे की नाही याची खात्री करून घेतो. परंतु त्याची मुले शिक्षणासाठी तिसऱ्याच गावी राहू लागली म्हणजे ही विद्या त्याच्या कामी येत नाही. तेथे जी काही पारख व्हावयाची ती मुलांनीच करावयाची. आणि मुलांना तर कोणी काही विचारीत नाही.

माझे एक स्नेही सध्या भुवनेश्वरला असतात. त्यांचा मुलगा बंगळूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चिकपेटेतील एका गल्लीत कापडाच्या दुकानांवरचे दोन मजले घेऊन एका गृहस्थांनी विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय केली आहे, तेथे तो आणखी तेरा मुलांसह राहतो. "तुम्ही तिथेच आहात, एकदा जाऊन पाहून या," असा स्नेह्यांचा फोन आला, म्हणून एका रविवारी मी गेलो.

चिकपेट हा केंपेगौडाने १५३७ साली वसविलेल्या जुन्या शहराचा गाभा. पुढे हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे आठवून मराठी माणूस या गल्ल्यांतून थोड्या आपलेपणाने चालतो. २०१७ पासून येथे भुईखालून मेट्रो धावते. वर मात्र हातगाडी आणि स्कूटर समोरासमोर आल्या की एकीने मागे सरल्यावाचून दुसरीला वाट मिळत नाही. तळाला दुकान, वर गोदाम, त्याच्याही वर माणसे, अशी येथली पुष्कळ घरे. १८९८ च्या प्लेगनंतर मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या ऐसपैस वसाहती झपाट्याने वाढल्या, त्या पेटेतील याच दाटीला भिऊन. ज्यांना जमले ते तिकडे गेले. दाटी येथेच राहिली, आणि आज तिच्यात कमी भाड्याची खोली शोधणारे विद्यार्थीही येऊन मिळाले आहेत. जवळच्याच नगर्तपेटेत १६ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे अशाच एका घराला आग लागली. खाली चटयांचा उद्योग आणि वर बिऱ्हाड. पाच जण दगावले, त्यांत दोन लहान मुले होती.

हे सारे मनात घेऊनच मी जिना चढलो. भिंतीला आग विझविण्याचे लाल नळकांडे टांगलेले होते, त्यावर तपासणीची चिठ्ठी होती, तारीख चालू वर्षाची होती. जिन्याच्या तोंडाशी सरकते लोखंडी दार होते. ते रात्री दहाला बंद होते आणि सकाळी सहाला उघडते, असे मुलांनी सांगितले. चिठ्ठी, तारीख आणि कुलूप पाहून माझ्या सरकारी डोळ्यांचे समाधान झाले. मी चहा घेतला आणि उठण्याच्या बेतात होतो, तोच सहज विचारले, "बाकी सगळे ठीक ना?"

बोलण्याला एकदा तोंड फुटल्यावर मुले थांबेनात. दाराची किल्ली पहारेकऱ्याच्या कमरेला असते आणि पहारेकरी झोपतो पलीकडच्या गोदामात. शनिवारी तर तो घरीच जातो. पावसात मीटरच्या पेटीतून चरचर आवाज येतो. सणासुदीच्या दिवसांत जिन्यावर कापडाचे गठ्ठे येऊन बसतात. गच्चीच्या दाराला कायमचे कुलूप आहे. एवढे झाल्यावर एकाने दुसऱ्याकडे पाहिले, दुसऱ्याने मान हलविली, आणि मग माझ्या स्नेह्यांच्या मुलाने गादीखालून एक लहानशी किल्ली काढून दाखविली. गच्चीच्या कुलपाची दुसरी किल्ली त्यांनी गुपचूप करून घेतली होती. शेजारच्या इमारतीची गच्ची एका ढांगेवर आहे आणि तिचा जिना दुसऱ्या गल्लीत उतरतो. "काका, तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?"

किल्ली कशासाठी करून घेतली असेल हे मला विचारावे लागले नाही. रात्री फोनवर बोलायला, आणि एखाद्याला सिगारेट ओढायला. परंतु त्या नियमभंगामुळेच चौदा मुलांना आगीतून सुटण्याची एक वाट मिळाली होती. घराचा जो नियम होता, त्याने त्यांना एकही वाट ठेवली नव्हती.

घरी येऊन मी विचार करीत बसलो. मालकाला सांगावे, तर तो दुसऱ्या दिवशी कुलूप बदलील. नियमाचा मान राहील आणि मुले कोंडली जातील. गप्प बसावे, तर उद्या काही घडल्यास ठाऊक असूनही गप्प बसलो हा ठपका जन्मभर माझ्याजवळ राहील. स्नेह्यांना कळविले, तेव्हा ते म्हणाले, "त्याला उद्याच दुसरीकडे हलवा." बापाच्या तोंडी हे शोभणारेच आहे, पण तेरा मुले मागे राहतात त्यांचे काय? संबंधित खात्याकडे तक्रार करावी, तर खाते जागा बंद करील, कदाचित योग्य कारणासाठीच, आणि सत्राच्या मध्यावर ही मुले सामान डोक्यावर घेऊन रस्त्यावर येतील. आता काय करावे हे त्या मुलांनाच विचारावे, हा मार्ग मला सर्वांच्या शेवटी सुचला. तो शेवटी का सुचावा, या प्रश्नाने मला अधिक अस्वस्थ केले.

मला वाटते, याचे कारण आपल्या पेशात आहे. सुरक्षितता ही वर बसलेल्याने खाली वाटावयाची वस्तू आहे, असे आपण धरून चालतो. बंगळूरच्या महापालिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा निवासांसाठी नियम काढले. माणशी किमान ७० चौरस फूट जागा, कॅमेरे, अग्निशामक दलाचे प्रमाणपत्र, पिण्याचे पाणी. नियम चांगले आहेत. मीही असेच लिहिले असते. परंतु त्यांत राहणारा विद्यार्थी दिसतो तो ७० चौरस फुटांचा धनी म्हणून. त्याला काही ठाऊक असेल, ही कल्पना अशा नियमांच्या भाषेतच बसत नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्राच्या तिसऱ्या भागात याविषयी एक साधी गोष्ट सांगून ठेवली आहे: घराची पारख बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला अधिक असते, आणि मेजवानीची पारख आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला. ॲरिस्टॉटल काही लोकशाहीचा फार मोठा भक्त नव्हता, तरीही त्याला हे मान्य करावे लागले.

दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी-वर्गाच्या तळघरातील वाचनालयात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. ते तळघर वाचनालयासाठी नव्हतेच. विशेष हे की, सुमारे एक महिना आधी एका विद्यार्थ्याने या बेकायदा वापराची लेखी तक्रार केली होती आणि नंतर तिची आठवणही दिली होती. आपण पुष्कळदा म्हणतो, लोक वेळेवर सांगत नाहीत. येथे सांगितले होते. ती तक्रार ज्या टेबलावर पडून राहिली, त्या टेबलापाशी मी स्वतःला बसलेला पाहू शकतो. अर्जदार विद्यार्थी, वय वीस-बावीस, पत्ता भाड्याच्या खोलीचा, वर्षभरात निघून जाणारा. अशा अर्जावर "पाहून घ्यावे" एवढाच शेरा पडतो.

येथे कोणी म्हणेल, यात नीतीचा प्रश्न कोठे आला? विद्यार्थ्यांना उपयुक्त माहिती असते, ती मिळवावी. हा केवळ कारभाराच्या शहाणपणाचा भाग झाला. मला हे पुरेसे वाटत नाही. माहितीसाठीच विचारावयाचे असेल, तर उद्या एखादे यंत्र मीटरच्या पेटीतील चरचर आपल्याला कळवील आणि मुलांना विचारण्याचे कारण संपेल. त्यांना विचारावयाचे याचे खरे कारण वेगळे आहे. धूर कोंडला तर तो त्यांच्या छातीत कोंडतो. ज्याचा देह गहाण पडला आहे त्याला न विचारता त्याच्या रक्षणाचा करार दुसऱ्या दोघांनी आपसांत करणे, हा त्याचा अवमान आहे, मग तो करार कितीही चांगला असो.

मराठी माणसाला हे निराळे शिकवावयास नको. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा आजाऱ्यांना वेगळे ठेवणे, घरे तपासून स्वच्छ करणे, हे उपाय मुळात चुकीचे नव्हते. टिळकांनीही ते नाकारले नाहीत. ते गाव सोडून गेले नाहीत आणि लोकांसाठी त्यांनी स्वतः प्लेगचे इस्पितळ उभे केले. त्यांचा रोष होता तो रँडच्या सोजिरांनी ज्या रीतीने घरात पाऊल टाकले त्या रीतीवर. घर ज्याचे त्याला उंबऱ्यावर उभे करून त्याच्याच भल्यासाठी त्याची चूल उधळली गेली. त्या वर्षीच्या २२ जूनच्या रात्री जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मी त्याचे समर्थन करीत नाही. परंतु अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसणाऱ्या मराठी माणसाने ती तारीख विसरू नये, असे मात्र मला वाटते.

तरीही आक्षेप राहतातच. तुळई किती भार पेलील हे हात वर करून ठरविता येत नाही. ते अभियंत्याचेच काम, हे उघड आहे. दुसरा आक्षेप असा की, ही मुले स्वतःच बेफिकीर असतात. खरे आहे. त्याच खोलीत पाणी तापवायचा रॉड बादलीत लटकत होता, आणि एकाच फळीवर पाच तारा खोचलेल्या होत्या. पण ज्याला दाराविषयी कधी कोणी विचारले नाही, त्याला रॉडविषयी उपदेश करण्याचा अधिकार मालकाने कोठून आणावा?

मला खरा अडविणारा आक्षेप तिसरा आहे. विचारले, आणि मुलांनी चुकीचे उत्तर दिले तर? खोलीत तिसरी खाट टाकली की भाडे उतरते. मुले आनंदाने म्हणतील, टाका. जागा धोक्याची म्हणून बंद करू काय असे विचारले, तर चौदाही जण नको म्हणतील, कारण एवढ्या भाड्यात दुसरी जागा नाही. दिल्लीतही तळघरांना टाळी लागल्यावर अडचण आली ती विद्यार्थ्यांचीच. गरजू माणसाची संमती फार स्वस्त मिळते. मालकाने मुलांकडून एका कागदावर सह्या घेतल्या की "आम्ही विचारले होते" म्हणून तो मोकळा होतो. आणि खरे सांगावयाचे तर आपले खातेही मोकळे होते. विचारण्याचा हा अर्थ असेल तर न विचारलेले बरे.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवावयास हव्यात. राहणाऱ्याचा शब्द धोका वाढविण्यासाठी घेता येणार नाही. तो वाट उघडण्यासाठी, नकार देण्यासाठी, आणि लेखी उत्तर मागण्यासाठी आहे. सही आणि तिची जबाबदारी ज्याची त्याचीच राहील. भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत, बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीवाचून उघडले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. रात्री दहाचे ते कुलूप चौदा मुलांनी संमती दिली तरी योग्य ठरत नाही.

इंग्लंडला ही समजूत फार महाग पडली. लंडनचा ग्रेनफेल मनोरा १४ जून २०१७ रोजी जळाला आणि ७२ माणसे गेली; तेथील रहिवाशांच्या एका गटाने आधीच्या नोव्हेंबरात असेच काही घडल्यावाचून आपले कोणी ऐकणार नाही असे लिहून ठेवले होते. दोन वर्षांनी बोल्टन येथे विद्यार्थ्यांचे एक सहामजली निवासस्थान पेटले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पुढे २०२२ मध्ये जो कायदा झाला त्यात, अठरा मीटर किंवा सात मजल्यांच्या निवासी इमारतींत, राहणाऱ्यांना सुरक्षिततेच्या निर्णयांत कसे सहभागी करून घेणार याची लेखी योजना करणे जबाबदार व्यक्तीला भाग पडले आहे. आणि राहणारा म्हणजे सोळा वर्षांवरील प्रत्येक जण. घर त्याच्या मालकीचे असण्याची अट नाही. चिकपेटेतील घरे सात मजली नाहीत, आणि आपल्याकडे असा कायदाही नाही. परंतु सोळा हे वय ठरविणाऱ्याने एक गोष्ट अचूक ओळखली असे मला वाटते: एखाद्या जागेत आपण उद्या नसू म्हणून आज आपला जीव तेथे कमी किमतीचा होत नाही.

पुढच्या रविवारी मी मुलांपुढे प्रश्न ठेवला: किल्लीचे काय करावयाचे ते तुम्ही सांगा. तास-दीड तास वाद झाला. दोघे-तिघे म्हणाले, सांगू नका. बेळगावकडचा एक अबोल मुलगा म्हणाला, "रात्री धूर झाला आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो गावी गेलेला असला तर?" यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. शेवटी ठरले की मालकांना सर्वांनी मिळून सांगावयाचे, आणि मी सोबत यावयाचे, पण बोलावयाचे नाही. ही अट मला थोडी झोंबली, हे कबूल करतो.

मालक वाईट माणूस नव्हता. तो आधी रागावला, मग म्हणाला, "वर टाकी आहे, कठडा बुटका आहे, कोणी पडले तर पोलीस माझ्या दारात येणार." त्याची भीतीही खोटी नव्हती. मुलांनी सिगारेटची गोष्ट स्वतः होऊन कबूल केली, तेव्हा तो किंचित नरमला. गच्चीला कुलपाऐवजी आतून कडी, कठड्याला जाळी, खोल्यांतून रॉड बंद आणि पाणी खालून गरम, एवढे ठरले. मीटरच्या पेटीसाठी वायरमन दोन दिवसांनी आला. जिन्याखालच्या लोखंडी दाराविषयी मात्र तो "पुढच्या महिन्यात बघू" एवढेच म्हणाला. त्यावर मी त्याला संहितेतील ते वाक्य लिहून पाठविले आहे. येथे माझे बोलणे वर्ज्य नव्हते. अद्याप उत्तर नाही, आणि पुढचे पत्र कोठे पाठवावयाचे हे मी मुलांना विचारले आहे.

परवा पुन्हा गेलो होतो. सणाचे दिवस जवळ आलेले, जिन्यावर गठ्ठे आलेच होते. मुलांनी पायरीवर खडूने एक रेघ ओढून ठेवली आहे. गठ्ठा तिच्या अलीकडे यावयाचा नाही, असे खालच्या दुकानदाराशी ठरले आहे म्हणे. एक गठ्ठा चार बोटे अलीकडे आला होता. स्नेह्यांच्या मुलाने बोलता बोलता तो पायाने मागे सारला आणि तो वर चढू लागला.