अश्वत्थाम्याचं घुबड आणि माझं



आजचं वाचन: महाभारत, सौप्तिक पर्व.

युद्ध संपल्यात जमा आहे. कौरवांकडचे अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा रात्री जंगलात एका वडाखाली थांबलेत. दोघं झोपतात, पण अश्वत्थाम्याला रागाने झोप येत नाही. तेवढ्यात एक घुबड आवाज न करता येतं आणि फांद्यांवर झोपलेले कावळे मारायला लागतं. अश्वत्थाम्याला वाटतं, या पक्ष्याने मला मार्ग दाखवला. कृपाचार्य समजावतात: आज झोप, सकाळी ठरवू. तो ऐकत नाही. झोपलेल्या छावणीत शिरून तो कत्तल करतो. द्रौपदीची पाचही मुलं त्यात जातात.

प्रश्न असा की हे त्याला घुबडाने शिकवलं का?

मागच्या वर्षी कोजागिरीच्या सुमारास बाबा आयसीयूत होते. त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरामागच्या डक्टमध्ये गव्हाणी घुबड राहायला आलं. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, आणि रात्री असं किंचाळायचं की अंगावर काटा यायचा. आई म्हणाली, "अरे, हा अपशकुन आहे. घालव त्याला." मी इंजिनिअर माणूस, शकुन मानत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ते बाहेर पडल्यावर, मी डक्टला जाळी ठोकून घेतली.

दोन रात्री ते येऊन जाळीवर आपटत राहिलं. आत पिल्लं होती का? मी बघितलंच नाही.

आठवड्याने बाबा घरी आले. आई म्हणाली, "बघ, ते गेलं आणि हे बरे झाले." मी गप्प बसलो.

ऑफिसमध्ये सर्व्हर पडला तर लॉग वाचल्याशिवाय मी कुणावर बोट ठेवत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे ज्युनिअर्सना मीच शिकवतो. पण घरात भीती होती, आणि भीतीला एक चेहरा हवा होता. तो डक्टमध्ये सापडला.

अश्वत्थाम्याचंही हेच झालं. सूड त्याच्या मनात आधीच होता. घुबडाने फक्त त्याचं पोट भरलं, किंवा वैर साधलं. उपदेश अश्वत्थाम्याने स्वतःच तयार केला आणि पक्ष्याच्या नावावर लावला.

आपण सगळेच हे करतो. बंगालमध्ये कोजागिरीला लक्ष्मीपूजन होतं, तेव्हा तिच्या पायाशी वाहन म्हणून घुबड असतं. आणि दिवाळीच्या अमावस्येला, धनाच्या लोभाने, काही जण त्याच घुबडाचा बळी देतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, तरी चालतं. एकाला ते शुभ, दुसऱ्याला अशुभ. खरं घुबड कुणी बघतच नाही. त्याच्या पिसांच्या कडा मऊ असतात म्हणून उडताना आवाज होत नाही. दोन्ही कान वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणून गच्च काळोखातही त्याला नुसत्या आवाजावरून उंदीर सापडतो. रात्रभर ते आपल्याच वस्तीतले उंदीर कमी करत असतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, 69 व्या श्लोकात, भगवंत म्हणतात की सर्वांची जी रात्र, त्यात संयमी जागा असतो. मी आधी समजायचो, जागं राहणं हेच मोठं. पण त्या रात्री वडाखाली अश्वत्थामाही जागाच होता! फरक संयमाचा आहे. समोर जे आहे ते, आपली भीती आणि राग त्यावर न चढवता बघणं, हेच खरं जागरण.

गेल्या आठवड्यात आईला जाळीवर आपटणाऱ्या घुबडाबद्दल सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जाळी काढून टाक." काढली. घुबड अजून आलेलं नाही.

आजचा छोटा अभ्यास: आज ज्याच्यावर दोष ढकलावासा वाटेल, त्याच्याकडे आधी एकदा नीट बघा. आणि निर्णय सकाळी घ्या.

राम कृष्ण हरी.