‘देवा, सांग’ म्हणतो... आणि मग?

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ७ ते १०



आजचे चारच श्लोक आहेत. पण सावकाश वाचा, कारण यात एक गंमत आहे. मी कितीतरी वर्षं ती न बघताच पुढे जात होतो.

सातव्या श्लोकात अर्जुन श्रीकृष्णाला शरण जातो. माझं काही चालत नाही, मी तुझा शिष्य आहे, माझ्या हिताचं काय ते निश्चित सांग, असं तो म्हणतो. किती सुंदर प्रार्थना! आणि लगेच नवव्या श्लोकात संजय आपल्याला सांगतो की, ‘मी लढणार नाही’ असं गोविंदाला सांगून अर्जुन गप्प बसला.

म्हणजे बघा, आधी म्हणतो ‘सांग’. आणि कृष्णाने तोंड उघडायच्या आत स्वतःचा निर्णय सांगून मोकळा!

दहाव्या श्लोकात कृष्ण रागावत नाही. तो जणू हसतो, आणि मग बोलायला लागतो. ते हसू मला फार ओळखीचं वाटतं, कारण ते माझ्यावरचं हसू आहे. आज जरा घरचंच सांगतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. मी नोकरीसाठी पुण्यात, दादा गावाला. वडील गेल्यानंतर जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला आणि विहिरीकडच्या एका तुकड्यावरून आमचं वाजलं. मोठं भांडण नाही झालं. पण मी फोनवर एक वाक्य असं बोललो, की जे मोठ्या भावाला बोलू नये. त्यानंतर आमचं बोलणं फक्त सणावारी, तेही ‘बरंय ना?’, ‘हो, बरंय’ एवढ्यापुरतं.

त्याच काळात मी रोज सकाळी गीता वाचायला लागलो होतो. ऑफिसला निघायच्या आधी वीस मिनिटं. वाचून झालं की डोळे मिटून म्हणायचो, ‘देवा, मार्ग दाखव.’ खरं सांगू? मार्ग पहिल्या आठवड्यातच दिसला होता. डोळे मिटले की एकच गोष्ट समोर यायची : दादाला फोन कर. बोललास त्याची माफी माग. जमिनीचं काय ते नंतर बघू.

मी काय केलं? आणखी वाचलं. अध्याय संपवले, टीका वाचल्या, प्रवचनं ऐकली. आपण सकाळचा अलार्म जसा पुढे ढकलतो, तसा मी तो आतला आवाज रोज पुढे ढकलला. ‘हा प्रोजेक्ट संपू दे.’ ‘दिवाळीत गेलो की बोलतो.’ ‘त्याने पण एक पाऊल पुढे यायला हवं ना.’ आणि रोज सकाळी पुन्हा, ‘देवा, मार्ग दाखव’!

अशी दोन वर्षं गेली. मग एका लग्नात वहिनी भेटली. बोलता बोलता सहज म्हणाली, ‘‘पोरीला अकरावीला पुण्यात तुमच्याकडेच ठेवायचं होतं हो भावोजी. पण हे म्हणाले, आता कुठल्या तोंडाने विचारू?’’

माझी पुतणी दोन वर्षं एस.टी.ने साताऱ्याला ये-जा करत होती. आणि इकडे आमच्या घरात एक खोली रिकामी होती. वहिनीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

त्या रात्री मला कळलं की आपण ‘संधी’ कशाला म्हणतो. प्रमोशन, परदेशातला प्रोजेक्ट, योग्य वेळी घेतलेला फ्लॅट. यातलं काही हुकलं तर आपल्याला लगेच समजतं, कारण ते दुसऱ्या कुणाला तरी मिळालेलं दिसतं. पण एका पोरीची दोन वर्षं आपल्या घरात जाणार होती, रात्री जेवताना ती ‘काका, हे गणित बघ ना’ म्हणणार होती, हे हुकलं तर कुणी कळवतसुद्धा नाही. तो दरवाजा कधी उघडला होता हेच आपल्याला माहीत नसतं. अशी हुकलेली आणखी किती दारं असतील, देवच जाणे.

आता एक प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो यायलाच हवा. आतला आवाज देवाचा की आपलाच, हे ओळखायचं कसं?

माझ्याकडे याचं पक्कं सूत्र नाही, पण एक साधी पारख मी वापरतो. मला जे आधीच हवं आहे तेच जर ‘देव’ सांगत असेल, तर मी दोनदा तपासतो. जे केल्याने कुणाचं वाईट होत नाही, जे संतांच्या शिकवणीशी जुळतं, आणि ज्यात फक्त माझा अहंकार दुखावतो, तिथे मी आता फार वाद घालत नाही. मात्र ज्या नात्यात छळ आहे, तिथे ‘देवाची इच्छा’ म्हणून मुकाट परत जाऊ नका. अशा वेळी जाणत्या, विश्वासातल्या माणसाशी आधी बोला. मार्गदर्शन माणसांच्या तोंडूनही येतं.

आपल्या नामदेव महाराजांची कथा आठवा. साक्षात पांडुरंगाशी बोलणारा भक्त. पण संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी त्यांना कच्चं मडकं ठरवलं. ते रुसून देवाकडे तक्रार घेऊन गेले, तर देवानेच सांगितलं की गुरू कर, विसोबा खेचरांकडे जा. विचार करा, केवढा अपमान वाटला असेल! मी तुझ्या इतका जवळचा, आणि तू मला दुसऱ्याकडे पाठवतोस? तरी ते गेले. आणि समोर काय, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! तिथून रागाने परत फिरायला कारण अगदी तयार होतं. पण ते थांबले, आणि पाय ठेवायला देव नाही अशी जागाच नाही, हे त्यांना तिथे उमगलं. पुढे हेच नामदेव पंजाबपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहिबात आज त्यांची ६१ पदं आहेत. पंढरपूरच्या त्या रुसव्यातच ते बसून राहिले असते तर?

पण मंडळी, इथे एक सावधगिरी हवी. ‘देवाचं ऐकलं की फायदा होतो’ असा हिशोब मी सांगत नाहीये. अर्जुनाने ऐकलं, आणि त्याच युद्धात त्याचा अभिमन्यू गेला. उलट दुर्योधनाचं बघा. द्वारकेत एकीकडे कृष्णाची सगळी नारायणी सेना आणि दुसरीकडे न लढणारा, निःशस्त्र कृष्ण, अशी निवड होती. अर्जुनाने कृष्ण मागितला, आणि सेना मिळाली म्हणून दुर्योधन खूश होऊन परतला. त्याच्या दृष्टीने त्याने संधी साधली होती! नंतर तोच कृष्ण शिष्टाई करायला हस्तिनापुरात आला, तेव्हाही त्याने ऐकलं नाही.

म्हणून मला वाटतं, काही हुकू नये या भीतीने देवाचं ऐकणं हा अजून व्यवहारच झाला. समोर आलेलं योग्य काम करायला मिळणं, हीच मुळात संधी. त्यातून पुढे काय मिळेल ते आपल्या हातात नाही.

आणि देव जबरदस्तीही करत नाही. अठराव्या अध्यायात (श्लोक ६३) सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो की, नीट विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. केवढं हे स्वातंत्र्य! त्यानंतर ७३व्या श्लोकात अर्जुन सांगतो की, आता संशय गेला, तू म्हणशील तसं करीन. ‘मी लढणार नाही’पासून इथवर यायला त्याला अख्खी गीता लागली. मला दोन वर्षं लागली. तुम्हाला एवढा वेळ लागू नये, म्हणून हे लिहितोय.

त्या लग्नाच्या रात्री मी दादाला फोन केला. बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं. त्याने फोन उचलला आणि म्हणाला, ‘‘अरे, जेवलास का?’’ पुढचं मला नीट बोलताच आलं नाही. पण माफी मागितली.

जमिनीचा विषय अजून सुटलेला नाही. पुतणी आता पुण्यातच कॉलेजला आहे, हॉस्टेलवर राहते, कधीतरी रविवारी पोहे खायला येते. ती आली की घर भरतं. पण ती दोन वर्षं काही परत येणार नाहीत, आणि ती आठवण मी मुद्दाम पुसत नाही.

आजसाठी एवढंच : ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच मिळालंय, अशी कोणती गोष्ट तुम्ही देवाला पुन्हा पुन्हा विचारताय? आज नवीन काही मागू नका. ते एक काम करा. फोन असेल तर फोन, पैसे परत करायचे असतील तर पैसे.

प्रार्थना : पांडुरंगा, तू सांगतोस ते मला ऐकू येतं. ऐकू न आल्याचं सोंग माझ्याकडून होऊ देऊ नकोस. आणि उशीर झालाच, तरी हसून पुन्हा सांग.

जय हरी विठ्ठल!