बोलतंय कोण?

साताऱ्याहून लेकीकडे सिंगापूरला आलेल्या आजोबांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, चेतनगुणोक्ती, सगळ्यांच्या व्याख्या झोपेतून उठवलं तरी तोंडपाठ. नात सेकंडरी थ्रीला, विषय इंग्रजी साहित्य. परीक्षेत अपठित कविता असते, म्हणून तिने वाङ्मयीन संज्ञांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ती चिठ्ठी वाचायची, आजोबा मराठी नाव सांगायचे. गट्टी जमायला तेवढं पुरलं.

एक दिवस एका कवितेवरच्या उत्तराची वही तपासून आली. इथे उपमा, तिथे अनुप्रास, खाली प्रतीक, असं पानभर लिहिलेलं. टीचरचा शेरा होता, ‘सगळं बरोबर. मग?’ गुण जेमतेम.

“अन्याय आहे हा,” आजोबा म्हणाले. “आमच्याकडे अलंकार ओळखला की गुण पदरात!” (खरंच पडतात. आपल्याकडच्या कवितेच्या तासाचं घोडं तिथेच पेंड खातं.)

रविवारी दोघं मर्लायन बघायला गेली. सिंहाचं डोकं, माशाचं धड, उंची 8.6 मीटर, तोंडातून पाण्याची धार. 1972 साली नदीच्या मुखाशी उभारलेला हा पुतळा पुढे पूल आडवा आल्यामुळे 2002 मध्ये जरा पलीकडे हलवला.

“प्रतीक!” आजोबांनी लगेच निकाल दिला.

नातीने फोनवर एडविन थंबूंची ‘युलिसिस बाय द मर्लायन’ ही कविता काढली, 1979 ची. वाचून म्हणाली, “कवीला हा प्राणी कोड्यात टाकतोय.”

“कवीला? ‘नटसम्राट’मध्ये बेलवलकर आक्रोश करतात, तो काय नाटक लिहिणाऱ्या शिरवाडकरांचा?”

“मी ‘नटसम्राट’ पाहिलंच नाहीये, आजोबा.”

“बरं, शीर्षक वाच.”

युलिसिस. ट्रॉयचं युद्ध संपल्यावर घर गाठायला दहा वर्षं लागलेला ग्रीक राजा.

“पण थंबू तर इथलेच, सिंगापूरचेच. मग आपलं शहर परक्या खलाशाच्या तोंडून कशाला सांगायचं?”

आजोबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. याची व्याख्या त्यांच्यापाशी नव्हती.

“परवा तुम्ही फोनवर मित्राला सांगत होतात,” नात सावकाश म्हणाली, “इथे सगळं चकचकीत, पण न कळवता कुणी कुणाच्या दारात जात नाही. मला राग आला होता. पण तुम्ही म्हणेपर्यंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

“बघ! नव्या माणसाला दिसतं.”

“सगळं नाही दिसत. आपल्याच ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, म्हातारी माणसं बुद्धिबळाचा डाव मांडून बसतात. रोज बाजूने जाता, कधी थांबलात?”

आजोबा ओशाळून हसले.

“म्हणजे युलिसिसच्याही नजरेतून काहीतरी सुटत असणार,” ती म्हणाली. “आणि थंबूंना ते माहीत असणार.”

घरी येऊन तिने वहीतलं ते जुनं उत्तर पुन्हा लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य कविता कोण बोलतंय यावर, आणि त्याला काय दिसत नाही यावर. बाकीच्या बहुतेक संज्ञा तिने खोडून टाकल्या. आजोबा चष्मा लावून शेजारी बसले.

“अगं, अनुप्रास कुठे गेला? होता की.”

“अजूनही आहे. पण त्याच्याविषयी मला काही म्हणायचं नाहीये.”

“मग त्याचा गुण?”

“जाऊ दे.”

“जाऊ दे काय! हक्काचा गुण आहे तो,” आजोबा कळवळून म्हणाले.

नात पुढची ओळ लिहीत होती.