आठवणींचा सातबारा

लहानपणी जिथं सहलीला गेलो, ती जागा आपलीच आहे असं माणसाला उगाच वाटत राहतं. मला आरे कॉलनीबद्दल तसं वाटतं. साठी ओलांडल्यावर परवा तिथं पुन्हा फिरून आलो आणि या आपलेपणाची एकदा झाडाझडती घ्यावीशी वाटली.

आमची आरे म्हणजे तिथली छोटा काश्मीर ही बाग. गोरेगाव स्टेशनहून बस, झाडाखाली सतरंजी, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, तळ्यात होडी आणि शेवटी काचेच्या बाटलीतलं थंड दूध. बाटलीचं पातळ अॅल्युमिनियमचं झाकण अंगठ्यानं दाबलं की आत बसायचं. त्याला चिकटलेली साय कुणी चाटायची, यावरून भावंडांत जुंपायची. मी जिला निसर्ग समजत होतो ती खरं तर सरकारनं आखलेली वसाहत होती. शहरातले गोठे बाहेर काढून मुंबईला स्वच्छ दूध मिळावं म्हणून 1949 साली ती उभी राहिली. तीन हजारांहून जास्त एकर जमीन, 32 युनिटं, सुमारे 16,000 जनावरांची सोय. या योजनेचे शिल्पकार दारा खुरोडी यांना 1963 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कामही मोठंच होतं.

पण ही जमीन रिकामी नव्हती. वारल्यांचे पाडे तिथं आधीपासून होते. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला शेवळं घेऊन बसलेल्या बाईशी आई घासाघीस करायची. ती कुठून आली, हे आम्ही कधी विचारलं नाही. मुळात ती आलेलीच नव्हती. आलो होतो आम्ही.

परवा अशाच एका भाजीवालीला विचारलं, "कुठल्या पाड्यातल्या?"

"केलटीपाडा. तुमी?"

"कांदिवली," म्हणालो. "मी इथलाच" हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

ऑक्टोबर 2019 मध्ये उच्च न्यायालयानं आरेतली झाडं वाचवण्यासाठीच्या याचिका फेटाळल्यावर रातोरात मेट्रो-3च्या कारशेडसाठी झाडं पडू लागली. सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत 2,141 झाडं गेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं. सकाळी उठून मी चार ग्रुपवर संतापाचे निरोप पाठवले आणि कामावर गेलो, हेही खरं. 29 आंदोलकांना अटक झाली, त्यांत मी नव्हतो. त्याआधी प्रजापूरपाड्यातल्या कुटुंबांना त्याच कारशेडसाठी घरं सोडावी लागली, तेव्हा माझी झोप शाबूत होती. मग मी नक्की कशासाठी रडत होतो? झाडांसाठी थोडं, बरंचसं स्वतःच्या बालपणासाठी.

2024च्या ऑक्टोबरात आरेहून बीकेसीपर्यंत मेट्रो सुरू झाली. मी तिनं जातो. गार हवेत, बसायला जागा मिळाली तर खूषही होतो. हे ढोंग आहे का? मला तसं वाटत नाही. लोकलच्या दाराला लटकून माणसं मरतात, त्या शहरात मेट्रो वापरण्याची लाज कशाला बाळगायची? टोचतं ते दुसरंच. आरेचं दुःख मला फुकटात पडलं आणि सोयही फुकटातच मिळाली. दोन्हींची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

आठवणींना सातबारा नसतो. पन्नास वर्षांपूर्वी चार रविवार होडीत बसलो म्हणून त्या जमिनीवर माझा हक्क लागत नाही. फार तर एक कर्ज लागतं आणि ते हळहळून फिटत नाही. म्हणून माझ्यासारख्या जुन्या सहलकऱ्यांना एवढंच सांगणं आहे: आरेबद्दल पुन्हा काही ठरायची वेळ येईल तेव्हा आपण जरूर जावं आणि जरूर बोलावं, पण पाड्यातल्या माणसांचं बोलून झाल्यावर.