'देणार होते' आणि 'दिले असते'

स्पॅनिश भाषेत 'आब्लार' म्हणजे बोलणे, आणि या नियमित धातूचे संकेतार्थी रूप, म्हणजे अट पुरी झाली असती तर काय घडले असते हे सांगणारे रूप, साधताना त्याच्या शेवटचा 'आर' गाळावा लागत नाही. अख्ख्या 'आब्लार'लाच प्रत्यय लागून आब्लारिआ, आब्लारिआस, आब्लारिआ, आब्लारिआमोस, आब्लारिआइस, आब्लारिआन अशी सहा रूपे होतात, आणि 'कोमेर' (खाणे) व 'बिबिर' (राहणे) हे धातूही हेच प्रत्यय घेतात. हा 'इआ' म्हणजे 'आबेर' (जवळ असणे) या धातूच्या भूतकाळी रूपाचा झिजून उरलेला तुकडा असल्यामुळे 'आब्लारिआ'चा मूळ अर्थ 'बोलायचे होते' असा निघतो. संस्कृतातील लृङ् लकारही अगदी वेगळ्या वाटेने तेथेच पोहोचतो: 'अभविष्यत्' या रूपात भविष्यकाळाच्या अंगामागे भूतकाळाचा 'अ' उभा असतो, आणि पाणिनीने त्याचा अर्थ 'क्रियातिपत्ति', म्हणजे क्रिया न घडणे, असा नोंदवला आहे.

न घडलेल्या क्रियेविषयीचे विधान खरे असू शकते काय, हा प्रश्न व्याकरणकारांनाही चुकला नाही. स्पॅनिश अकादमीने विसाव्या शतकात बराच काळ या रूपांसाठी 'शक्यतार्थ' असा स्वतंत्र अर्थ मानला. उलट आंद्रेस बेल्यो यांनी 1847 च्या व्याकरणात ती स्वार्थात, म्हणजे वस्तुस्थिती सांगणाऱ्या रूपांत, बसवून त्यांना भूतकाळानंतरचा काळ असे नाव दिले.

धर्मशास्त्रात हाच वाद त्याआधी अडीच शतके पेटला होता. क्वेन्का येथे जन्मलेले जेझुइट लुईस दे मोलिना यांनी 1588 मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध केलेल्या 'कॉन्कॉर्डिया' या लॅटिन ग्रंथात ईश्वराच्या ज्ञानाचे तीन प्रकार कल्पिले. जे जे शक्य आहे त्याचे ज्ञान स्वाभाविक आणि स्वतःच्या संकल्पाने जे प्रत्यक्षात आले त्याचे ज्ञान मुक्त. या दोहोंमधले ते 'मध्यमज्ञान', ज्याच्या योगे कोणता स्वतंत्र मनुष्य कोणत्या परिस्थितीत काय करील हे ईश्वर सृष्टी निर्माण करण्याचा संकल्प करण्याआधीच जाणतो. आधार म्हणून बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील 23व्या अध्यायाकडे बोट दाखवले जाई. कईला नगरात थांबलेला दावीद याजकाकडून एफोद हे याजकी वस्त्र मागवून देवाला विचारतो की राजा शौल चालून येईल काय आणि नगरवासी आपल्याला त्याच्या स्वाधीन करतील काय; दोन्ही प्रश्नांना होकार मिळताच तो सुमारे 600 माणसांसह निघून जातो, शौल मोहीम सोडून देतो आणि जे सांगितले त्यातले काहीच घडत नाही.

मराठीने येथे दोन वेगळी रूपे राखून ठेवली आहेत. नगरवासी दावीदाला स्वाधीन 'करणार होते' म्हटले तर तो त्यांच्या तेव्हाच्या मनसुब्याचा उल्लेख ठरतो, आणि ऐकणारा लगेच पुढच्या 'पण'ची वाट पाहू लागतो. 'केले असते' म्हटले तर मनसुबा बदलण्याची मुभा असूनही त्यांनी काय केले असते, याविषयीचे ते विधान होते. मध्यमज्ञान न मानणारे पहिल्या वाचनावर थांबतात, कारण मनातला हेतू जाणायला वेगळ्या ज्ञानाची गरज नाही. मोलिनांना दुसरेच हवे होते.

डॉमिनिकन पंथाचे दोमिंगो बान्येस यांची भूमिका अशी की ईश्वर हे सारे स्वतःच्या संकल्पातच जाणतो. मोलिनांच्या अनुयायांनी त्यावर, मग मनुष्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते, असा प्रतिटोला दिला, आणि तो वाजवी होता. मात्र उलट बाजूचा प्रश्न त्याहून अवघड आहे: मनुष्य अजून अस्तित्वात नाही, ईश्वरानेही काही ठरवलेले नाही, अशा अवस्थेत 'त्याने केले असते' हे विधान खरे ठरते ते कशाच्या बळावर? असे विधान निराधारच खरे असते, हे मोलिनापक्षीयांचे उत्तर कोरडे वाटते, तरी कईलाची कथा मनसुब्यापुरती आटोपून टाकणेही समाधानकारक नाही, कारण दावीदाने विचारले होते ते शौल दाराशी आल्यावर काय होईल याविषयी.

रोममध्ये या वादासाठी नेमलेल्या मंडळाचे काम 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी थांबवले, दोन्ही पंथांना एकमेकांना पाखंडी म्हणण्यास मनाई केली आणि निर्णय योग्य वेळी जाहीर होईल असे कळवले. तो अद्याप जाहीर झालेला नाही.