अपुरी दुरुस्ती



एखादे काम कायमचे टिकणार नाही हे ठाऊक असताना ते करावे काय? आमच्या मंडळीतील एका पित्याने आम्हांस हा प्रश्न विचारला. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीच्या हृदयाची एक झडप जन्मतःच सदोष आहे. डॉक्टरांनी ती दुरुस्त करण्याचा सल्ला दिला. पण मोठेपणी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव आहे, हेही प्रांजळपणे सांगितले. पिता म्हणाला, "ब्रदर, पुन्हा ऑपरेशन करायचेच असेल, तर आता लेकराला का छळावे? पुढे एकदाच काय ते कायमचे करू."

हा प्रश्न निष्ठुरपणाचा नव्हे, मायेचा आहे. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

हृदयातून सर्व शरीराकडे रक्त जाते त्या दारावरील झडपेला तीन पाकळ्या असतात. शंभरांत सुमारे एकाला जन्मतः दोनच असतात. पुष्कळांना वर्षानुवर्षे त्याचा त्रास होत नाही. काहींची झडप उतारवयात कडक होते. थोड्यांची मात्र बालपणीच नीट उघडत नाही किंवा नीट मिटत नाही. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा तिला उघडमीट करावी लागते. ती अडली की हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. ती गळू लागली की हृदय फुगत जाते. डॉक्टरांनीच थांबा म्हटले, तर थांबणे हिताचे. पण त्यांनी वेळ आली म्हटल्यावर थांबलो, तर हृदय मात्र आपल्यासाठी थांबत नाही.

मग नवी झडपच का बसवू नये? १९६० पासून कृत्रिम झडपांनी असंख्य प्राण वाचवले आहेत. तथापि यांत्रिक झडप घेणाऱ्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. मुलगी पुढे गरोदर राहिली, तर त्या गोळीचा धोका पोटातील बाळालाही असतो. प्राण्यांच्या ऊतीची झडप लहान मुलांत लवकर निकामी होते. शिवाय मूल वाढते, बसवलेली झडप वाढत नाही. म्हणजे ज्याला आपण 'कायमचे' म्हणतो, तेही कायमचे नसते.

दुरुस्तीत सर्जन चिकटलेल्या कडा सोडवतो, जाड झालेली पाकळी तासतो, कमी पडेल तेथे हृदयाच्या आवरणाचा तुकडा ठिगळासारखा लावतो. पॅरिसचे सर्जन आलँ कार्पांतिए यांनी १९८३ मध्ये या कलेचे मर्म सांगितले: झडपेचे रूप पूर्ववत करण्यापेक्षा तिचे काम पूर्ववत करावे. दोन पाकळ्यांची झडप दोनच पाकळ्यांची राहो; ती उघडो आणि मिटो.

आम्हांस वाटते, येथेच त्या पित्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. लाजराला प्रभूने कबरेतून उठवले. पुढे तोही मरण पावलाच. म्हणून बेथानीतील त्या दोन बहिणींचा आनंद व्यर्थ होता काय? मुलीला शाळेत धावता येईल अशी पंधरा वर्षे मिळाली, तर ती पुढील शस्त्रक्रियेची केवळ उधारी नव्हे. ते तिचे आयुष्यच आहे.

परंतु निर्णय आपण घेतो आणि वेदना मूल सोसते, हे विसरून चालणार नाही. म्हणून "आता सारे बरे होईल" असे खोटे आश्वासन तिला देऊ नये. तिच्या वयाला पेलेल एवढे सत्य तिला सांगावे. मंडळीनेही एकदा वर्गणी गोळा करून मोकळे होऊ नये. दुसऱ्यांदा गरज पडेल तेव्हा पहिला उत्साह ओसरलेला असेल. आपली प्रीती किती टिकाऊ आहे, हे तेव्हाच कळेल.

मुलीच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे. पिता अजून घाबरलेलाच आहे. पण आता तो "कायमचे" हा शब्द वापरीत नाही.